खटला दाराशीच अडला: त्रान तो न्गा आणि एजंट ऑरेंजची जबाबदारी

२२ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्रान तो न्गा यांचं अपील फेटाळलं. न्गा तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर मारलेलं तणनाशक अंगावर पडलं, त्याने मी आजारी झाले, माझी मुलं आजारी जन्मली, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपन्यांनी भरपाई द्यावी, एवढीच त्यांची मागणी. खटला दाखल होऊन दहा वर्षं उलटली होती. फवारणी झाली का, त्या द्रवात डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन होतं का, कंपन्यांना ते ठाऊक होतं का, न्गा त्यामुळेच आजारी पडल्या का, यांतल्या एकाही प्रश्नाचा निवाडा या दहा वर्षांत झाला नाही. या कंपन्यांवर इथे खटलाच चालू शकत नाही, असं म्हणून न्यायालय थांबलं.

हे प्रकरण मराठीत सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण विषबाधितांची बाजू घेऊन उभं राहणाऱ्यांना आपल्याकडेही याच भिंतीवर डोकं आपटावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा त्यांतल्या काही कुटुंबांना दाद मागायला थेट स्वित्झर्लंडच्या कोर्टापर्यंत जावं लागलं. भोपाळचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशा प्रकरणांत लढाई जिंकली-हरली जाते ती विष किती भयंकर होतं यावर नव्हे, तर सिद्ध करायचं ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं यावर. एकाच विमानातून पडलेल्या एकाच विषाच्या बाबतीत हे ओझं एका गटाच्या डोक्यावरून उतरवलं गेलं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर तसंच राहिलं. न्गा त्या दुसऱ्या गटातल्या.

चार मिनिटांची फवारणी

अमेरिकेच्या हवाई दलाने जानेवारी १९६२ ते जानेवारी १९७१ अशी नऊ वर्षं दक्षिण व्हिएतनामवर तणनाशकं फवारली. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन रँच हँड. झाडांची पानं गळाली की खाली लपलेले गनिमी सैनिक दिसतील, आणि भातशेती जळाली की त्यांचं अन्न तुटेल, असा दुहेरी हिशेब होता. काम सी-१२३ जातीच्या मालवाहू विमानांवर सोपवलं होतं. पोटात सुमारे ३,८०० लिटरची टाकी, पंखांखाली आणि शेपटीशी नोझल. झाडांच्या शेंड्यांवरून अगदी खालून उडत हे विमान ती टाकी जेमतेम चार मिनिटांत रिकामी करायचं. नऊ वर्षांत मिळून साडेसात कोटी लिटरच्या आसपास रसायन पडलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज होतं. पिंपांवर ओळखीसाठी नारिंगी पट्टा मारलेला असे, त्यावरून हे नाव पडलं.

एजंट ऑरेंज म्हणजे दोन तणनाशकांचं निम्मंनिम्मं मिश्रण. त्यातलं टू-फोर-डी आपल्याकडचे शेतकरी आजही उसातल्या, गव्हातल्या तणावर मारतात. मुख्य गोम दुसऱ्यात होती, २,४,५-टी मध्ये. ते तयार करताना तापमान आवश्यकतेपेक्षा वर गेलं, की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन आपोआप तयार होतं. ते कोणी मुद्दाम घालत नाही, पण प्रक्रिया घाईने उरकली की त्याचं प्रमाण वाढतं. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळा युक्तिवाद इथेच येऊन ठेपतो.

कंपन्यांना याची कल्पना नव्हती, असं म्हणायला जागा नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या नायट्रो गावी मोन्सँटोच्या कारखान्यात १९४९ साली २,४,५-टी च्या विभागात स्फोट झाला, आणि तिथल्या कामगारांच्या अंगावर क्लोरॅक्नी उठली. ही साधी मुरमं नव्हेत. चेहऱ्यावर, कानामागे काळ्या टोकांच्या गाठी येतात आणि वर्षानुवर्षं जात नाहीत. जर्मनीतल्या संशोधनातून १९५७ साली या आजाराचा धागा टीसीडीडीशी जोडला गेला होता. मार्च १९६५ मध्ये डाऊ केमिकलने आपल्या मिडलंडच्या मुख्यालयात दुसऱ्या उत्पादकांना बोलावून याच अशुद्धीवर बैठक घेतली. फवारणी त्यानंतर आणखी वाढली. उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगं दिसल्याचा अभ्यास बाहेर आल्यावर, १९७० च्या एप्रिलमध्ये, एजंट ऑरेंजचा वापर थांबवायचा आदेश निघाला.

किती माणसं या फवाऱ्याखाली आली? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हवाई दलाच्या उड्डाणांच्या नोंदी आणि गावांचे नकाशे एकावर एक ठेवून २००३ साली हिशेब मांडला. थेट फवारणीच्या पट्ट्यात किमान ३,१८१ वाड्या-वस्त्या होत्या, आणि तिथे राहणारी माणसं २१ लाखांपासून ४८ लाखांपर्यंत असावीत. बाधितांची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती आलेलं सर्वांत मोठं हत्यार कोणतं असेल तर ते हेच, आणि ते आलं फवारणाऱ्याच्याच दप्तरातून. कोणत्या दिवशी, कोणत्या रेषेवर, किती रसायन टाकलं याच्या लष्करी नोंदी शाबूत होत्या म्हणून हे शक्य झालं.

न्गा या चार मिनिटांतल्या एका फवाऱ्याखाली सापडल्या. १९४२ सालचा त्यांचा जन्म. तरुणपणी त्या दक्षिणेत अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या मुक्ती आघाडीच्या वृत्तसंस्थेत वार्ताहर होत्या. १९६६ साली कू ची भागात जमिनीखालच्या आसऱ्यात असताना विमानाचा आवाज आला आणि त्या बघायला बाहेर आल्या. विमानामागे पांढरा ढग पसरला होता. थोड्या वेळात खांद्यावर काहीतरी ओलं, चिकट ओघळलं आणि खोकल्याची ढास लागली. त्यांनी अंग धुतलं, आणि पुढे ते विसरूनही गेल्या. युद्धात त्याहून मोठ्या गोष्टी रोज घडत होत्या. १९६८ साली पहिली मुलगी झाली, व्हिएत हाय. हृदयात जन्मजात दोष. सतरा महिन्यांची होऊन ती गेली. आपल्याच कुळात काही खोट असावी, असं न्गा कित्येक वर्षं धरून चालल्या. पुढच्या दोन्ही मुली रक्ताचा आनुवंशिक विकार घेऊन जन्मल्या. स्वतः न्गा यांना टाइप २ मधुमेह झाला, स्तनाचा कर्करोग झाला, क्षयही झाला. दुसरीकडे त्यांनी युद्धकाळात तुरुंगवास भोगला, नंतर हो ची मिन्ह सिटीमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून काम केलं, आणि पुढे फ्रान्सला स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलं.

ज्यांनी फवारलं, त्यांची बाजू

न्गा यांच्या खटल्याआधी अमेरिकेत काय घडलं ते पाहिल्याशिवाय तो खटला कळायचा नाही. एजंट ऑरेंजबद्दल पहिला आवाज उठवला तो अमेरिकी सैनिकांच्या बाजूने, आणि तोही एका कारकुनी टेबलावरून. मॉड डी-व्हिक्टर शिकागोच्या माजी सैनिक कार्यालयात दाव्यांचं काम बघायच्या. १९७७ साली एका माजी सैनिकाच्या बायकोने फोन करून सांगितलं, माझा नवरा कर्करोगाने आजारी आहे आणि त्या फवारणीमुळेच हे झालं असं तो म्हणतो. हा फोन नोंदवून फाइल बंद करता आली असती. डी-व्हिक्टर यांनी येणाऱ्या प्रत्येक दाव्यात एक जादा प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुम्ही व्हिएतनाममध्ये कुठे होतात, फवारणी पाहिलीत का, आता काय होतंय? वरिष्ठांनी कोणतंही सर्वेक्षण करायला सांगितलेलं नव्हतं. बघता बघता एकसारख्या तक्रारींचा गठ्ठा जमला. पुढच्या वर्षी तो एका दूरचित्रवाणी पत्रकारापर्यंत पोहोचला आणि विषय देशभर गेला.

त्याच १९७८ साली पॉल रॉयटरशन या हेलिकॉप्टरवरच्या तरुण सैनिकाने कंपन्यांवर दावा ठोकला. पोटाच्या कर्करोगाने तो मरणपंथाला लागला होता. ‘मी व्हिएतनाममध्येच मेलो, फक्त मला ते कळलं नव्हतं,’ असं तो टीव्हीवर म्हणाला, आणि वर्ष संपायच्या आत वयाच्या २८ व्या वर्षी गेला. त्याने सरकारला सोडून कंपन्यांना कोर्टात खेचलं याला कारण होतं. सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली ठरवून ठेवलं आहे. कंपन्या मात्र म्हणत राहिल्या की आम्ही सरकारच्या हुकमाप्रमाणे माल बनवला, सरकारला विचारा. सरकारला विचारता येत नाही, आणि कंपनी सरकारकडे बोट दाखवते. हे चक्र इथे सुरू झालं, आणि न्गा यांच्या खटल्यापर्यंत ते फिरतच राहिलं.

हजारो सैनिकांचे दावे एकत्र करून खटला उभा राहायचा होता, त्याच दिवशी, ७ मे १९८४ ला, पहाटे तडजोड झाली. सात कंपन्यांनी मिळून १८ कोटी डॉलर दिले. आकडा मोठा वाटतो, पण वाटप झाल्यावर सुमारे ५२,००० सैनिकांना किंवा त्यांच्या कुटुंबांना सरासरी ३,८०० डॉलर मिळाले. पूर्ण अपंग झालेल्याला जास्तीत जास्त मिळू शकत होते १२,८०० डॉलर. कंपन्यांनी जबाबदारी मान्य केली नाही, आणि विषामुळे आजार झाला की नाही हा प्रश्न ज्युरीपुढे कधी गेलाच नाही. भोपाळची १९८९ ची तडजोड आठवणाऱ्याला हे वाचून वेगळं सांगायला नको.

सैनिकांच्या संघटना मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी कोर्ट सोडून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, गाठली. १९९१ साली एजंट ऑरेंज कायदा झाला. या साऱ्या प्रकरणातली सर्वांत कल्पक तरतूद या कायद्यात आहे असं मी मानते. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो सैनिक व्हिएतनामच्या भूमीवर होता, त्याच्या अंगावर रसायन पडलं हे कायद्याने गृहीत धरलं. कुठली तारीख, कुठलं जंगल, किती थेंब, काही सिद्ध करायचं नाही. कोणते आजार यामुळे होतात हेही एकेका सैनिकाने सिद्ध करायचं नाही. विज्ञान अकादमीने दर दोन वर्षांनी सगळं संशोधन तपासायचं, आणि पुराव्याची दोन्ही पारडी समसमान असली तरी आजार यादीत जाऊ शकेल अशी कसोटी ठेवली. काठावरच्या शंकेचा फायदा आजारी माणसाला. यादी वाढत गेली: प्रोस्टेटचा कर्करोग, टाइप २ मधुमेह, पार्किन्सन, हृदयाला रक्त कमी पडण्याचा विकार, आणि २०२२ च्या कायद्याने उच्च रक्तदाबसुद्धा.

हे सहजासहजी मिळालं असं कोणी समजू नये. जमिनीवर पाय न ठेवता किनाऱ्यालगतच्या जहाजांवर राहिलेल्या नौसैनिकांना माजी सैनिक खात्याने वगळलं होतं. त्यांना २०१९ साली न्यायालयाचा निकाल आणि नवा कायदा होईपर्यंत ताटकळावं लागलं, आणि तोवर त्यांतले कितीतरी जण गेले होते. तरीही बदललं ते मूळ सूत्र: ‘आजार याच विषाने झाला हे दाखव’ याऐवजी ‘तू तिथे होतास आणि तुला हा आजार आहे, पुरे’.

आता न्गा यांच्या आजारांकडे पुन्हा पाहा. टाइप २ मधुमेह त्या यादीत आहे. कू चीच्या जंगलात त्याच काळात असलेल्या अमेरिकी सैनिकाला मधुमेह झाला, तर त्याला निवृत्तिवेतनासाठी डायॉक्सिनचा एक कणही दाखवावा लागत नाही. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या अमेरिकी महिलांच्या मुलांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला. आईच्या सेवेशी संबंध जोडून काही जन्मजात दोषांसाठी मदत देण्याची त्यात सोय आहे, आणि हृदयाचे जन्मजात दोष त्या यादीत आहेत. व्हिएत हायची आई अमेरिकी लष्करात परिचारिका असती तर? दोघींच्या डोक्यावरून गेलेलं विमान तेच असतं. मला या संपूर्ण प्रकरणात याहून जास्त संताप आणणारी दुसरी गोष्ट सापडली नाही.

तोच न्यायाधीश, दुसरे वादी

व्हिएतनाममधल्या बाधितांची राष्ट्रीय संघटना जानेवारी २००४ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात कंपन्यांवर दावा दाखल केला. खटला आला न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांच्यापुढे. १९८४ ची तडजोड घडवून आणणारे न्यायाधीश हेच. १० मार्च २००५ ला त्यांनी दोनशेहून अधिक पानांचा निकाल देऊन दावा फेटाळला. फवारणीच्या काळात तणनाशकांचा असा वापर आंतरराष्ट्रीय कायद्याने ‘विषारी शस्त्र’ म्हणून निषिद्ध नव्हता, असा त्याचा गाभा. २००८ मध्ये अपील फेटाळलं गेलं, आणि मार्च २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

दक्षिण कोरियाचे सैनिकही त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले होते. त्यांनी आपल्याच देशात कंपन्यांवर दावा लावला. २००६ साली सोलच्या उच्च न्यायालयाने सुमारे ६,८०० जणांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा जगभरच्या बाधितांना केवढा हुरूप आला! २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कापत कापत ३९ जणांवर आणून ठेवला. उरलेले कोण होते? ज्यांना क्लोरॅक्नी होती ते. कारण हा एकच आजार असा, जो डायॉक्सिनखेरीज सहसा होत नाही. मधुमेह, कर्करोग दुसऱ्या कारणांनीही होतात, म्हणून ते बाद. न्यायालयाची कसोटी अशी असेल तर विषाने होणारे बहुतेक आजार कायमचे बाहेरच राहणार.

शिवाय पुरावा शरीरातून झिजत जातो. डायॉक्सिन चरबीत साठतं आणि त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी केलेल्या तपासणीत जे सापडतं ते मुळाच्या मानाने चिमूटभर. न्गा यांच्या रक्तात २०११ च्या तपासणीत डायॉक्सिन आढळलं, ही म्हणूनच लक्षणीय गोष्ट होती. लाखो व्हिएतनामी बाधितांना ही महागडी तपासणी कधी परवडलीच नाही. विषबाधितांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना मी हे कळकळीने सांगेन, की रक्त, लघवी, कपडे, रिकामी बाटली, दवाखान्याचा कागद, जे काही त्या आठवड्यात गोळा करता येईल ते करा. पाच वर्षांनी वकील मिळेल, पण नमुना मिळणार नाही.

एव्रीचं न्यायालय

अमेरिकेतली दारं बंद झाली त्याच वर्षी, मे २००९ मध्ये, पॅरिसला व्हिएतनामी बाधितांच्या बाजूने एक लोकन्यायाधिकरण भरलं. न्गा यांनी तिथे साक्ष दिली. त्या साक्षीतून नवी वाट दिसली. फ्रेंच दिवाणी संहितेच्या चौदाव्या कलमाप्रमाणे फ्रेंच नागरिकाला परदेशी व्यक्तीवर किंवा कंपनीवर फ्रान्समध्ये दावा लावता येतो. फवारणीची बाधा झालेली, फ्रान्सची नागरिक आणि खटला चालवायची तयारी असलेली अशी व्यक्ती शोधून सापडली नसती. न्गा समोरच होत्या. विल्यम बुर्दाँ आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी मोफत काम करायचं कबूल केलं. २०१४ साली पॅरिसजवळच्या एव्री इथल्या न्यायालयात दावा दाखल झाला, सुरुवातीला २६ कंपन्यांवर. काही बंद पडल्या होत्या, काही विकल्या गेल्या होत्या. प्रत्यक्ष सुनावणीला १४ उरल्या, डाऊ आणि तोवर बायरच्या मालकीची झालेली मोन्सँटो त्यांत होत्या.

सुनावणी व्हायला जवळजवळ सात वर्षं लागली. तारखांवर तारखा, एकेका कागदासाठी मुदतवाढ. बाधितांच्या वकिलांना हे नवीन नसतं: समोरच्याला जिंकायची घाई नसते, कारण वादी म्हातारी आहे. २५ जानेवारी २०२१ ला अखेर बाजू मांडायची वेळ आली, तेव्हा एका वृद्ध बाईच्या दोन-तीन वकिलांसमोर कंपन्यांच्या वकिलांची फौज होती. त्याच आठवड्यात पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात न्गा यांच्या पाठिंब्यासाठी माणसं जमली. त्यांत फ्रान्समध्ये जन्मलेल्या व्हिएतनामी वंशाच्या तरुणांचा मोठा भरणा होता. युद्ध न पाहिलेली ही पिढी या प्रकरणामागे उभी राहिली, हे या खटल्याने कमावलेलं फार मोठं धन.

न्गा यांच्या बाजूचा मुद्दा नेमका होता. सरकारने तणनाशक मागितलं, डायॉक्सिन मागितलं नव्हतं. कंपन्यांनी निविदा भरल्या, करार केले, नफा मिळवला. माल कोणत्या तापमानाला, किती घाईत शिजवायचा हा निर्णय कारखान्यात झाला. अशुद्धी कमी राखता येते हे ठाऊक असताना ती राहू दिली, तर ते पाप सरकारच्या खाती कसं टाकता येईल? कंपन्यांचं उत्तर जुनंच: युद्धकाळ होता, १९५० च्या संरक्षण उत्पादन कायद्याखाली सरकारने पुरवठा करायला भाग पाडलं, आम्ही सार्वभौम राष्ट्राच्या आज्ञेचं पालन केलं. एका राष्ट्राचं न्यायालय दुसऱ्या राष्ट्राच्या सार्वभौम कृत्यावर निवाडा देऊ शकत नाही, आणि त्या राष्ट्राच्या वतीने वागलेल्यालाही तेच संरक्षण मिळतं. १० मे २०२१ ला एव्रीच्या न्यायालयाने हे मान्य केलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

मला हा निकाल चूक वाटतो. सरकारचं संरक्षण कंपनीला जसंच्या तसं लागू केलं, की युद्धासाठी माल पुरवणाऱ्या कोणत्याही कारखानदाराला कसलंच भय उरत नाही. सैनिकाला ‘वरून हुकूम होता’ एवढ्या बचावावर न्युरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांपासून सुटका नाही. मग कंत्राटदाराला ती का असावी?

कोर्टाच्या बाहेर जे हललं

इतक्या पराभवांनंतरही बाधितांची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती काहीच लागलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मैदान बदललं तिथे गाडी पुढे सरकली. फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकाराने २००७ साली अमेरिकी आणि व्हिएतनामी मान्यवरांचा एक संवाद गट बनला. त्याने जबाबदारीचा शब्द बाजूला ठेवून आधी विषारी माती साफ करण्याचा विषय लावून धरला. अमेरिकी सिनेटर पॅट्रिक लेही यांनी वर्षामागून वर्ष अर्थसंकल्पात त्यासाठी पैसे घातले. जिथे पिंपं साठवली, विमानं भरली आणि धुतली त्या दा नांगच्या विमानतळावरची माती २०१२ ते २०१८ या काळात बंदिस्त रचनेत तीनशे अंशांच्या वर तापवून शुद्ध केली गेली. खर्च ११ कोटी डॉलरच्या आसपास. मग २०१९ मध्ये बिएन होआच्या तळावर काम सुरू झालं, जिथे दूषित मातीचं प्रमाण दा नांगच्या कितीतरी पट आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा तिथलं उघडं पडलेलं काम काही आठवडे तसंच राहिलं. मेहेरबानीने आलेला पैसा हक्काच्या पैशासारखा खात्रीचा नसतो, ते असं दिसतं.

अपंग व्हिएतनामी नागरिकांसाठीही अमेरिकी मदत जाते, पण तिच्या कागदावर एक वाक्य ठरलेलं असतं: अपंगत्वाचं कारण कोणतंही असो. ही चतुर शब्दयोजना आहे. फवारलेल्या जिल्ह्यांतल्या मुलांपर्यंत मदत पोहोचते, आणि एजंट ऑरेंजमुळे हे झालं असं कबूलही करावं लागत नाही. काही कार्यकर्त्यांना हा अपमान वाटतो. ज्या आईला व्हीलचेअर मिळाली तिला तो वाटत असेल का, याचं उत्तर मी तिच्या वतीने देणार नाही. अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी तयार केलेलं आणि बार्बरा ली यांनी प्रतिनिधीगृहात वारंवार मांडलेलं विधेयक याच्या पुढचं मागतं. व्हिएतनाममधल्या बाधितांना आणि अमेरिकी सैनिकांच्या मुलांना एकाच कायद्यात मदत, कारण स्पष्ट नोंदवून. ते मंजूर झालेलं नाही. पण या दोघांना एका ओळीत उभं करायची कल्पना मला खटल्यांपेक्षा जास्त दमदार वाटते. १९९१ च्या गृहीतकाचा आधार व्हिएतनामी माणसालाही मिळावा, अशी मागणी करायला यातूनच वाट फुटते.

या धाग्याचं एक टोक आपल्यापर्यंत येतं. युनियन कार्बाइड २००१ साली डाऊने विकत घेतली आणि भोपाळची जबाबदारी मात्र आपल्याकडे येत नाही असं सांगितलं. २००८ साली पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यात शिंदे-वासुली इथे डाऊचं संशोधन केंद्र उभं राहत होतं, तेव्हा गावकरी आणि वारकरी भोपाळचं नाव घेऊनच रस्त्यावर उतरले, आणि कंपनीला तिथून काढता पाय घ्यावा लागला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला डाऊ प्रायोजक होती. त्यावर भोपाळच्या संघटनांनी आक्षेप घेतला, तसाच व्हिएतनाम सरकारनेही घेतला. एकाच कंपनीविरुद्धच्या या दोन लढ्यांचे कार्यकर्ते एकमेकांचे कागद, एकमेकांचे वकिली मुद्दे जेवढे वापरू शकतात तेवढे अजून वापरत नाहीत, असं माझं मत आहे. भोपाळमध्येही ‘हा आजार वायूनेच झाला’ हे एकेका रुग्णाने सिद्ध करायचा धोशा लावला गेला, आणि बहुसंख्यांच्या पदरी सुरुवातीला पडले २५ हजार रुपये. तिथे ‘त्या रात्री त्या वॉर्डात होता, पुरे’ असं गृहीतक आजारांच्या यादीसह पहिल्याच वर्षी मागितलं गेलं असतं तर?

अपील फेटाळल्यावर न्गा यांनी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात, कूर द कसासियाँमध्ये, जायचं जाहीर केलं. तिथे आजारांची चर्चा होत नाही, साक्षीपुरावे होत नाहीत, फक्त कायद्याचा अर्थ तपासला जातो. या प्रकरणात तपासण्याजोगा अर्थ एकच आहे: माल मागवण्याचा हुकूम सरकारचा आणि तो कसा शिजवायचा हा निर्णय कारखानदाराचा असेल, तर त्या दुसऱ्या निर्णयालाही सार्वभौम राष्ट्राचं संरक्षण मिळतं का.